डायोडचा रेझिस्टन्स किती? आधी करंट सांग, मग सांगतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा की डिप्लोमाचं सेकंड इयर, हातात १एन४१४८ नावाचा छोटा सिलिकॉन डायोड (एकाच दिशेने सहज करंट जाऊ देणारा पार्ट), आणि सरांनी सांगितलंय ०.३, ०.५, ०.६ आणि ०.७ व्होल्टला याचा रेझिस्टन्स काढून आणा. तू मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजलंस तर एका रेंजला एक आकडा, दुसऱ्या रेंजला दुसराच, उलटं लावलं की मीटर हात वर करतं. मग पुस्तकातलं "२६ भागिले करंट" लावलंस तर तिसरंच काहीतरी आलं आणि मित्राचं उत्तर चौथं. यातलं खरं कुठलं?

खरं सांगायचं तर बहुतेक सगळीच बरोबर असतील. प्रत्येक आकडा वेगळ्या करंटला काढलेला आहे, आणि त्यातले काही मुळात वेगळ्याच प्रकारचे रेझिस्टन्स आहेत. "डायोडचा रेझिस्टन्स किती" हा प्रश्न म्हणजे "पुणे किती लांब आहे" असं विचारण्यासारखा आहे, कुठून ते सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. डायोडच्या बाबतीत ते "कुठून" म्हणजे करंट. सरांनी व्होल्टेज दिलंय हे खरं, पण मी गेली पंचवीसेक वर्षं इंडस्ट्रियल इन्स्ट्रुमेंटच्या रिपेअरीत आहे आणि डायोडकडे कधीच व्होल्टेजच्या बाजूने बघत नाही. कारण पुढे येईलच.

साध्या रेझिस्टरला व्होल्टेज दुप्पट केलं की करंट दुप्पट होतो, भागाकार तोच राहतो, म्हणून त्याच्यावर रंगाचे पट्टे मारता येतात. डायोडवर पट्टा असतो तो फक्त कॅथोड, म्हणजे निगेटिव्हकडचं टोक, कुठला ते सांगायला. काही क्रिस्टल ओहमचा नियम पाळत नाहीत, एका दिशेने जास्त करंट जाऊ देतात हे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राऊनने १८७४ मध्येच पाहिलं होतं. आपले जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या क्रिस्टलपासून केलेल्या रेडिओलहरींच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट मिळालं १९०४ मध्ये. म्हणजे डायोडचं हे वागणं त्याचं सूत्र हातात येण्याच्या कितीतरी आधीपासून लोकांना माहीत होतं, सूत्र आलं ते अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम शॉकलीच्या १९४९ च्या पेपरात.

ते सूत्र असं: करंट = आय-एस × (ई चा घात (व्ही भागिले एन-व्हीटी) वजा १). ई म्हणजे २.७१८ हा गणितातला आकडा, व्ही म्हणजे डायोडवरचं व्होल्टेज. आय-एस म्हणजे सॅच्युरेशन करंट, सूत्राप्रमाणे उलट्या दिशेने झिरपणारा बारीकसा करंट, व्हीटी म्हणजे थर्मल व्होल्टेज, जे फक्त तापमानावर ठरतं, २७ अंश सेल्सिअसला जवळपास २५.८५ मिलीव्होल्ट, पुस्तकात तेच २६ लिहितात. एन हा आयडिॲलिटी फॅक्टर, म्हणजे डायोड आदर्श डायोडपासून किती ढळतो त्याचा आकडा, १ ते २ च्या दरम्यान. तुमच्या पुस्तकात बहुतेक एन गुपचूप १ धरून टाकलेला असतो आणि अर्धा घोळ तिथेच होतो.

आता १एन४१४८ चं सिम्युलेशनमध्ये सर्रास वापरलं जाणारं मॉडेल घेऊ: आय-एस २.५२ नॅनोअँप, एन १.७५२, आणि आतला सिरीज रेझिस्टन्स ०.५६८ ओहम. तुझ्या हातातला डायोड तंतोतंत असाच असेल असं नाही, कंपनी बदलली की आकडे हलतात, पण अंदाज यायला हे उत्तम. एन-व्हीटी आला १.७५२ गुणिले २५.८५ म्हणजे ४५.३ मिलीव्होल्ट. हा आकडा पाठ कर, पुढे सगळीकडे लागणार आहे.

रेझिस्टन्स दोन प्रकारचे. पहिला स्टॅटिक, म्हणजे डायोडवरचं पूर्ण व्होल्टेज भागिले त्यातून जाणारा पूर्ण करंट. दुसरा डायनॅमिक, म्हणजे त्या जागी व्होल्टेज जरासं हलवलं तर करंट किती हलतो त्याचा भागाकार. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतचा सरासरी चढ वेगळा आणि बोरघाटातल्या एखाद्या वळणावर गाडीच्या चाकाखाली जो चढ आहे तो वेगळा, दोन्ही चढच, पण गिअर कुठला टाकायचा ते दुसरा ठरवतो. डायनॅमिकचं सूत्र वरच्या समीकरणातून सरळ निघतं: एन-व्हीटी भागिले करंट, आणि त्यात सिरीजचे ०.५७ ओहम मिळवायचे. (करंट अगदी नॅनोअँपमध्ये असेल तर भाजकात करंट अधिक आय-एस घ्यायचा, नाहीतर फरक पडत नाही.)

आता तुझे व्होल्टेज घालून बघ.

०.३ व्होल्टला करंट १.९ मायक्रोअँप, स्टॅटिक १५८ किलोओहम, डायनॅमिक २४ किलोओहम.
०.५ व्होल्टला १५७ मायक्रोअँप, स्टॅटिक ३.२ किलोओहम, डायनॅमिक साधारण २९० ओहम.
०.६ व्होल्टला १.४ मिलीअँप, स्टॅटिक ४२८ ओहम, डायनॅमिक ३३ ओहम.
०.७ व्होल्टला ११.३ मिलीअँप, स्टॅटिक ६२ ओहम, डायनॅमिक ४.६ ओहम.
मी स्वतःहून ०.८ पण काढलं, करंट ५७ मिलीअँपच्या वर, स्टॅटिक १४ ओहम, डायनॅमिक १.४ च्या आसपास.

जरा निरखून बघ. व्होल्टेज ०.३ वरून ०.७ गेलं म्हणजे अडीच पटसुद्धा झालं नाही आणि स्टॅटिक रेझिस्टन्स अडीच हजार पट पडला. प्रत्येक ०.१ व्होल्टला करंट साधारण नऊपट होतोय, पण ०.७ ते ०.८ मध्ये पाचपटच झाला, ते का? तिथे आतले ०.५७ ओहम आडवे येतात. ५७ मिलीअँप गुणिले ०.५७ म्हणजे ३२ मिलीव्होल्ट त्या सिरीज रेझिस्टन्सवरच पडले, जंक्शनला, म्हणजे डायोडच्या आतल्या खऱ्या सांध्याला, मिळाले फक्त ०.७६८. जास्त करंटला डायोड हळूहळू साध्या रेझिस्टरसारखा वागायला लागतो तो यामुळे.

तिसरा एक प्रकार पुस्तकात असतो, ॲव्हरेज एसी रेझिस्टन्स, दोन पॉइंटमधला फरक भागिले फरक. ०.६ ते ०.७ मध्ये काढला तर ०.१ व्होल्ट भागिले ९.९ मिलीअँप म्हणजे १० ओहम, जो ३३ आणि ४.६ च्या मधे कुठेतरी पडतो. सिग्नल मोठा असेल तेव्हाच त्याचा उपयोग. परीक्षेला विचारतात म्हणून माहीत असू दे, माझ्या कामात तो फारसा आला नाही.

आता प्रॅक्टिकल. पॉवर सप्लाय थेट डायोडला लावून नॉब फिरवत ०.३, ०.५ असं सेट करू नकोस. हा प्रयोग लॅबमध्ये जितक्यांदा होतो तितक्यांदा एक डायोड तरी जातो. नॉब केसभर हलला की करंट दुप्पट, करंट वाढला की डायोड गरम, गरम झाला की त्याच व्होल्टेजला करंट अजून वाढतो, आणि मग अजून गरम. लिमिट लावलेली नसेल तर हे चक्र थांबवणारं कोणी नाही. आणि नॉब कितीही सांभाळून फिरवला तरी रीडिंग स्थिर राहत नाही, मीटरचे शेवटचे दोन आकडे सारखे नाचत राहतात.

त्याऐवजी ५ व्होल्ट सप्लाय ठेव, डायोडच्या सिरीजमध्ये रेझिस्टर टाक आणि फक्त रेझिस्टर बदलत जा: १ मेगओहम, १०० किलो, १० किलो, १ किलो, २२० ओहम. करंट ठरवतो रेझिस्टर, डायोडला फक्त आपलं व्होल्टेज सांगायचं असतं. अँमीटर पण नको, रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून रेझिस्टरच्या किमतीने भाग. रेझिस्टर आधी मीटरवर मोजून घे, पाच टक्केवाल्यांवर आंधळा विश्वास ठेवू नको, लॅमिंग्टन रोड किंवा बुधवार पेठेतून किलोच्या भावात आणलेले असतील तर नाहीच.

वरच्या मॉडेलप्रमाणे काय यायला हवं ते सांगतो म्हणजे ताडून बघता येईल. १ मेगला ०.३४१ व्होल्ट आणि ४.६६ मायक्रोअँप, म्हणजे स्टॅटिक ७३ किलो. १०० किलोला ०.४४४ व्होल्ट, ४५.६ मायक्रोअँप, ९.७ किलो. १० किलोला ०.५४७ व्होल्ट, ४४५ मायक्रोअँप, १.२३ किलो. १ किलोला ०.६५३ व्होल्ट, ४.३५ मिलीअँप, १५० ओहम. २२० ला ०.७२९ व्होल्ट, १९.४ मिलीअँप, ३८ ओहम. तुझे व्होल्टेज यापेक्षा वीसतीस मिलीव्होल्ट इकडेतिकडे आले तर घाबरू नको, प्रत्येक पायरीला शंभरेक मिलीव्होल्टची (शेवटच्या पायरीला पाऊणशेची) वाढ दिसतेय का तेवढं बघ.

"पण सरांनी ०.५ आणि ०.६ ला मागितलंय, माझ्याकडे ०.५४७ आणि ०.६५३ आलं, आता?" यासाठी सेमीलॉग पेपर, म्हणजे एका बाजूला दर घराला दहापट होणारं लॉग स्केल असलेला ग्राफ पेपर. करंट लॉगवाल्या बाजूला, व्होल्टेज साध्या बाजूला, पाच पॉइंट मांड. जवळजवळ सरळ रेष येते. तिच्यावरून ०.३, ०.५, ०.६, ०.७ ला करंट वाचायचा आणि भागायचं. साध्या ग्राफ पेपरवर तुम्ही जो "नी पॉइंट" (गुडघ्यासारखा वाक, जिथे डायोड ऑन होतो म्हणतात) काढता ना, तो खरं तर कुठे नसतोच, स्केल बदललं की तो वाकही सरकतो. करंटचं स्केल मायक्रोअँपमध्ये घेऊन बघ, तोच डायोड ०.४ लाच "ऑन" झालेला दिसेल. सेमीलॉगवर वाक नाही, रेष वरच्या टोकाला किंचित झुकते तेवढीच, तो सिरीज रेझिस्टन्स.

याच रेषेतून एन स्वतः काढता येतो आणि मग पुस्तकाच्या २६ ची गरज उरत नाही. १०० किलो आणि १० किलोची रीडिंग घे: व्होल्टेजचा फरक ०.५४७ वजा ०.४४४ म्हणजे १०३ मिलीव्होल्ट. करंटचं गुणोत्तर ४४५ भागिले ४५.६ म्हणजे ९.७६, त्याचा नॅचरल लॉग २.२८. १०३ भागिले २.२८ बरोबर ४५. हाच तुझ्या डायोडचा एन-व्हीटी. आता १ मिलीअँपला डायनॅमिक रेझिस्टन्स किती? ४५ ओहम. पुस्तक २६ म्हणणार. व्हायवाला कोणी विचारलं की तुमचं उत्तर पुस्तकापेक्षा पावणेदोनपट का, तर सांग की एन मोजलाय, धरलेला नाही. परीक्षेच्या पेपरात मात्र सिलिकॉन डायोड एवढंच दिलं असेल आणि एन दिला नसेल तर २६ च घे बाबा, मार्क तिथेच आहेत.

उलट दिशेनेही करता आलं पाहिजे, म्हणजे सर्किट दिलंय, ५ व्होल्ट आणि १ किलो, मोजायच्या आधी रेझिस्टन्स सांगा. समीकरण सरळ सुटत नाही कारण व्होल्टेज घातात अडकलंय. पण अंदाज करून दोन फेऱ्या मारल्या की काम होतं. आधी डायोडवर ०.७ धर, म्हणजे करंट ४.३ मिलीअँप. आता या करंटला व्होल्टेज काढ: ४५.३ मिलीव्होल्ट गुणिले (४.३ मिलीअँप भागिले २.५२ नॅनोअँप) याचा नॅचरल लॉग. कंसातला आकडा सतरा लाखांच्या वर, लॉग १४.३५, गुणाकार ०.६५०, त्यात सिरीजचे अडीच मिलीव्होल्ट, झाले ०.६५२. परत करंट काढ, ४.३४८. परत व्होल्टेज, ०.६५३. संपलं. करंटकडून व्होल्टेजकडे गेलं की उत्तर दुसऱ्याच फेरीत बसतं, पण व्होल्टेज धरून करंट काढायला गेलास तर आकडे इकडून तिकडे उड्या मारत राहतात, करून बघ एकदा. करंटच्या बाजूने बघायचं म्हणतो ते यासाठी.

आता तुझ्या मल्टिमीटरचं कोडं. ओहमवर मीटर काय करतं? स्वतःच्या बॅटरीतून ठरावीक करंट किंवा व्होल्टेज बाहेर सोडतं आणि भागाकार दाखवतं. रेंज बदलली की सोडलेला करंट बदलतो, म्हणजे डायोडवरचा पॉइंटच बदलतो. रेझिस्टरला त्याने फरक पडत नाही, डायोडला सगळा फरक त्यानेच पडतो. त्यात बरीच डिजिटल मीटर ओहमच्या काही रेंजला व्होल्टेज मुद्दाम इतकं कमी ठेवतात की सर्किटमधले डायोड ऑन होऊ नयेत, म्हणून मेगओहममधले आकडे दिसतात. डायोडच्या खुणेवर मीटर साधारण १ मिलीअँप सोडतं आणि रेझिस्टन्स नाही तर थेट व्होल्टेज दाखवतं, ५८० वगैरे आकडा येतो तो मिलीव्होल्ट. तेव्हा ओहमवर आलेले आकडे जर्नलमध्ये लिहूच नकोस, लिहिलेस तर बाजूला मीटरने किती करंट सोडला ते पण लिहावं लागेल.

जुनं काट्याचं मीटर मिळालं तर एक गंमत अजून आहे, त्यात ओहमवर लाल प्रोबला आतल्या बॅटरीचं निगेटिव्ह येतं. आमच्या वेळी निम्मी मुलं पहिल्या दिवशी चांगला डायोड उलटा म्हणून नापास करायची. मीही केलाय.

बरं, दोन-दोन रेझिस्टन्स काढायचे कशाला, एकच का नाही चालत? याचं उत्तर झेनरवर, म्हणजे उलटा लावून ठरावीक व्होल्टेज धरून ठेवायला वापरतात त्या डायोडवर, जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं कुठेच नाही. १एन४७३३ए घे, ५.१ व्होल्टचा. १२ व्होल्टवरून १५० ओहममधून त्याला दिलं तर करंट ६.९ भागिले १५० म्हणजे ४६ मिलीअँप. १२ व्होल्टवर १ व्होल्टचा रिपल (सप्लायच्या व्होल्टेजचा वरखाली हेलकावा) आहे, ५.१ वर किती येईल? स्टॅटिक रेझिस्टन्स काढलास तर ५.१ भागिले ४६ मिलीअँप, १११ ओहम, आणि त्याने रिपल येतो १११ भागिले (१११ अधिक १५०), म्हणजे ४२५ मिलीव्होल्ट. स्कोपवर बघशील तर चाळीस-पन्नासच्या आसपास दिसेल. कारण रिपल म्हणजे छोटा हेलकावा, त्याला डायनॅमिक लागतो, आणि डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, तो ४९ मिलीअँपला ७ ओहम दिलाय. ७ भागिले १५७ म्हणजे ४५ मिलीव्होल्ट. दोन उत्तरांत नऊपट फरक.

त्याच डेटाशीटमध्ये शेजारच्या कॉलममध्ये ५५० ओहम पण दिलेत, १ मिलीअँपला. करंट वाचवायचा म्हणून कोणी सिरीजला ६.८ किलो टाकतो आणि मग ५ व्होल्टची लाइन लोड बदलला की का डुलते म्हणून डोकं धरून बसतो. झेनर तोच, कंपनी तीच, रेझिस्टन्स सात ओहमवरून साडेपाचशेवर गेला.

उलट उदाहरण उष्णतेचं. पॉवर सप्लायमधल्या १एन४००७ डायोडमधून १ अँप जातोय, किती तापेल? इथे डायनॅमिक लावलास तर पंचवीस-पन्नास मिलीओहम आणि वॅटचा काही शतांश भाग असं हास्यास्पद उत्तर येतं. उष्णतेला पूर्ण व्होल्टेज गुणिले पूर्ण करंट लागतो. डेटाशीटची कमाल १.१ व्होल्ट, म्हणजे १.१ वॅटपर्यंत. बोट लावून बघ हवं तर, पण पटकन काढ.

आता रिव्हर्स बायस, म्हणजे डायोडला उलट्या दिशेने व्होल्टेज. तुझं मीटर हात वर करतं म्हणजे रेझिस्टन्स अनंत आहे असं नाही, मीटरची मजल संपली. १एन४१४८ चं डेटाशीट म्हणतं २० व्होल्टला जास्तीत जास्त २५ नॅनोअँप गळती, म्हणजे कमीत कमी ८०० मेगओहम. ७५ व्होल्टला ५ मायक्रोअँप, म्हणजे १५ मेगओहम. इथे मॉडेलवर विसंबू नकोस, आय-एसचं सूत्र २० व्होल्टला जे जवळजवळ ८ गिगाओहम दाखवतं ते कागदावरचं, प्रत्यक्षात गळती पृष्ठभागावरून, जंक्शनच्या आतल्या दोषांतून वगैरे बऱ्याच वाटांनी होते. आणि दर दहा अंशाला ती ढोबळमानाने दुप्पट होते.

या दुपटीने मला एकदा पंधरा दिवस नाचवलं. एका एमआयडीसीतल्या कारखान्यात फर्नेसचा टेंपरेचर इंडिकेटर, के टाइप थर्मोकपल (तापमानाप्रमाणे बारीकसं व्होल्टेज देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी). सकाळी बरोबर, दुपारी दोननंतर सात-आठ अंश जास्त, संध्याकाळी परत बरोबर. थर्मोकपल बदललं, केबल बदलली, ॲम्प्लिफायर आयसी बदलला. ऑपरेटर म्हणायचा साहेब, याला दुपारचं ऊन बाधतं. आम्ही हसायचो, पण तो शब्दशः बरोबर होता. पॅनल फर्नेसच्या बाजूच्या भिंतीवर, आत दुपारी पासष्ट अंश. इनपुटला संरक्षणासाठी दोन १एन४१४८ लावलेले, एक प्लस ५ व्होल्टला, एक मायनस ५ व्होल्टला, आणि त्यांच्या आधी १० किलोचा फिल्टर रेझिस्टर. एक डायोड करंट आत ढकलतो, दुसरा बाहेर ओढतो, दोन्ही सारखे असते तर फिटंफाट झाली असती. पण सारखे नव्हते, फरक पडत होता तीसेक नॅनोअँपचा. ३० नॅनोअँप गुणिले १० किलो म्हणजे ०.३ मिलीव्होल्ट. के टाइपचा अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट हिशोब लावला की सव्वासात अंश. मीटरवर ते डायोड थंड असताना मोजले तर एकदम ठणठणीत, उलट्या बाजूने काहीच दाखवत नव्हते, कारण गरम असतानाचे ३० नॅनोअँपसुद्धा ५ व्होल्टला म्हणजे १६७ मेगओहम, आणि साधं मीटर २० मेगच्या पुढे बघत नाही. शेवटी हेअर ड्रायर आणून एकेका पार्टवर गरम हवा मारत गेलो तेव्हा सापडलं. बीएव्ही१९९ लावले, तो खास कमी गळतीचा असतो, त्यानंतर तक्रार नाही. "रिव्हर्समध्ये डायोड ओपन" हे वाक्य मी तेव्हापासून सोडून दिलं.

आणि हो, १एन४१४८ काचेचा असतो. गळती मोजताना त्यावर ट्यूबलाइटचा किंवा खिडकीचा उजेड पडला की तो छोट्या सोलर सेलसारखा वागतो आणि नॅनोअँपची रीडिंग बिघडतात. काळी टेप गुंडाळ किंवा डब्याने झाक. हात लांब ठेव, बोटांच्या घामातून जाणारा करंट डायोडच्या गळतीपेक्षा जास्त भरतो.

टेंपरेचर फॉरवर्डमध्येही, म्हणजे डायोड सुलटा असतानाही, सोडत नाही. करंट तोच ठेवला तर अंशाला साधारण २ मिलीव्होल्टने डायोडवरचं व्होल्टेज उतरतं. १ किलोवालं रीडिंग चालू असताना डायोड चिमटीत धर, आकडा डोळ्यांदेखत खाली सरकतो. म्हणजे "०.६ व्होल्टला रेझिस्टन्स" हा नागपुरात मे महिन्यात ४२ अंशाला मोजलेला आणि महाबळेश्वरला डिसेंबरात १५ अंशाला मोजलेला, एकाच डायोडचा असून तीनपट वेगळा येऊ शकतो, कारण ५४ मिलीव्होल्टने रेषच सरकली. पण "१ मिलीअँपला डायनॅमिक रेझिस्टन्स" काढलास तर व्हीटी २४.८ वरून २७.२ मिलीव्होल्ट होतो, दहा टक्क्यांच्या आत फरक. करंट सांगून रेझिस्टन्स सांगितला तर तो टिकतो, व्होल्टेज सांगून सांगितला तर हवामान पण सांगावं लागतं.

राहिला शून्य व्होल्ट. तिथे शून्य भागिले शून्य येतं म्हणून मुलं "अनंत" लिहून मोकळी होतात. सूत्राला तिथे स्पष्ट उत्तर आहे, एन-व्हीटी भागिले आय-एस, म्हणजे ४५.३ मिलीव्होल्ट भागिले २.५२ नॅनोअँप, १८ मेगओहम, आणि या एकाच जागी स्टॅटिक आणि डायनॅमिक दोन्ही एकच होतात. हे फक्त डीसीला बरं का. शून्य व्होल्टला या डायोडची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता, जिच्यातून एसी निसटतो) ४ पिकोफॅरडपर्यंत असते, १ मेगाहर्ट्झला तिची अडवणूक होते ४० किलोओहमची, १८ मेगला मग विचारतो कोण.

शून्याच्या जवळ मोजताना तुझं मीटरच आडवं येतं. डिजिटल मीटरचा इनपुट साधारण १० मेगओहम, तो डायोडला समांतर बसतो. मोठा रेझिस्टर म्हणून दहाएक मेग सिरीजला लावलास तर येणाऱ्या ०.४८ मायक्रोअँपपैकी पाच टक्के करंट मीटरच पितं, व्होल्टेज जेमतेम २ मिलीव्होल्टने हलतं पण तुझा करंटचा हिशोब तेवढा चुकतो. त्यामुळे मीटरचा करंट वजा कर, ०.२३५ व्होल्ट भागिले १० मेग म्हणजे २३.५ नॅनोअँप, आणि उरलेल्याने भाग.

जर्नलमध्ये कॉलम पाच कर: सिरीज रेझिस्टर, डायोडवरचं व्होल्टेज, करंट, स्टॅटिक, डायनॅमिक. वर कोपऱ्यात खोलीचं टेंपरेचर लिही. ०.३ चं रीडिंग १ मेगने नाही मिळणार, २.२ किंवा २.७ मेग लागेल, दुकानात नसेल तर १ मेगचे अडीच... म्हणजे दोन पूर्ण आणि दोन समांतर जोडून घे, चालतं.